गुरगुरू द्या त्याला

मंडळी, या शनिवारी जरा भांडायचा मूड आहे. विषय कुत्रा. म्हणजे भांडण कुत्र्याशी नाही, त्याला 'शिस्त' लावणाऱ्यांशी.

आमच्या कात्रपमध्ये गेल्या काही वर्षांत दोन गोष्टी भराभर वाढल्या. एक म्हणजे टॉवर, आणि दुसरी त्या टॉवरांतल्या वन-बीएचकेत राहणारे लॅब्रॅडॉर, बीगल आणि हस्की. (बदलापूरच्या मे महिन्यात हस्की! पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.) कुत्रे आले तसे ट्रेनरही आले. रविवारी सकाळी बाइकवरून येतात, सॅकमधून चोक चेन काढतात आणि पहिल्याच दिवशी मालकाला एक मंत्र देतात: "सर, घरात अल्फा कोण, हे त्याला कळलं पाहिजे."

मग या मंत्राची पोटकलमं. आधी तुम्ही जेवायचं, मग त्याला वाढायचं. दारातून आधी तुम्ही बाहेर पडायचं. सोफ्यावर चढू द्यायचं नाही. पट्टा ओढला की साखळीला झटका द्यायचा. आणि गुरगुरला तर धरून उताणा पाडायचा, मान दाबायची, डोळ्यांत डोळे घालून बघायचं आणि तो ढिला पडेपर्यंत सोडायचं नाही. कुस्तीत चितपट करतात ना, तसंच. फक्त समोरच्याला कुस्ती चालू आहे हे माहीत नसतं.

माझं म्हणणं सरळ आहे. हा सगळा अल्फाचा कारभार बिनबुडाचा आहे. आणि आपल्यासारख्या दाट वस्तीत, जिथे एका लिफ्टमधून कुत्रा, दूधवाला आणि शाळेत निघालेली पोरं एकत्र जातात, तिथे तो धोक्याचाही आहे.

आधी बूड बघू. हे 'अल्फा' प्रकरण आलं कुठून?

रुडॉल्फ शेंकेल नावाच्या स्विस संशोधकाने 1947 साली बासलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर एक निबंध लिहिला. हे लांडगे पिंजऱ्यात होते. जंगलात असतं तसं आई-बाप आणि पिल्लं असं आपसूक जमलेलं कुटुंब तिथे नव्हतं. माणसांनी एका जागी कोंडलेला जमाव होता. पळून जायला वाव नाही म्हटल्यावर त्यांच्यात मारामाऱ्या होणारच. त्यातून वरचढ नर, वरचढ मादी, त्यांच्या खालचे असा उतरंडीचा हिशोब निघाला. पुढे 1970 साली डेव्हिड मेक या अमेरिकन संशोधकाने लांडग्यांवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात हाच हिशोब आला आणि 'अल्फा' हा शब्द जगभर गेला.

आता याची गंमत आपल्याला जितकी कळेल तितकी अमेरिकनांना कळणार नाही. समजा एखादा परदेशी संशोधक सीएसएमटीहून संध्याकाळच्या कर्जत फास्टला चढला. दारातली मंडळी डोंबिवलीला उतरणाऱ्याला कशी 'समजावतात', चौथ्या सीटवरून काय काय होतं, हे त्याने वहीत टिपलं. आणि मायदेशी जाऊन पुस्तक छापलं: 'मराठी कुटुंबव्यवस्था'. घरी बायकोशी आणि पोरांशी कसं वागावं याचे नियम त्या पुस्तकातून काढायचे का? अल्फावाले नेमकं तेच करतायत.

बरं, मेकसाहेब प्रामाणिक माणूस निघाला. 1986 पासून कित्येक उन्हाळे तो कॅनडाच्या उत्तर टोकाला, एल्समीअर बेटावर, मोकळ्या लांडग्यांच्या जवळ राहिला. तिथे त्याला दिसलं की कळप म्हणजे बहुतेक वेळा एक जोडपं आणि त्यांची मागच्या दोन-तीन वर्षांतली पिल्लं. पुढारी कोण? आई-बाप. त्यांनी ती जागा लढाई करून मिळवलेली नसते, पोरं झाली म्हणून आपोआप मिळालेली असते. 1999 साली त्याने शोधनिबंध लिहून सांगितलं की जंगलातल्या कळपाला हा 'अल्फा' शब्द लावू नका. पुढे स्वतःचंच ते गाजलेलं पुस्तक छापणं थांबवा म्हणून प्रकाशकाच्या मागे लागला, आणि 2022 मध्ये ते एकदाचं थांबलं.

म्हणजे ज्याच्या पुस्तकाने हा शब्द जगभर नेला त्यानेच तो मागे घेतला. उताणं पाडण्याचा सल्ला लोकप्रिय केला अमेरिकेतल्या न्यू स्कीट मठाच्या साधूंनी, त्यांच्या 1978 च्या पुस्तकात. त्यांनीही नंतरच्या आवृत्तीत तो सोडून दिला. 2004 साली टीव्हीवर सुरू झालेल्या सीझर मिलानच्या कार्यक्रमातही पाटी असायची की तज्ज्ञाला विचारल्याशिवाय हे घरी करून बघू नका. कंपनीने सपोर्ट बंद केलेलं व्हर्जन आपण प्रॉडक्शनमध्ये चालवत नाही. कात्रपमध्ये मात्र ते दर रविवारी नव्याने इन्स्टॉल होतंय.

आणि या सगळ्यात एक बारीकसा प्रश्न राहूनच गेला. कुत्रा लांडगा आहे का? हजारो वर्षं तो आपल्या उष्ट्यावर आणि आपल्या अंगणात वाढलाय. आपल्याला लांडगा समजण्याएवढा तो खुळा नाही. दोन पायांवर चालणारा, डबा घेऊन लोकलला पळणारा हा प्राणी आपल्या कळपाचा पुढारी आहे का, असा प्रश्न त्याला पडत नसावा. डब्यात काय आहे, हा मात्र नक्की पडतो.

आता तुम्ही म्हणाल, "थिअरी गेली खड्ड्यात, पण गुण येतो ना? तीन रविवारांत आमचा कुत्रा गप्प झाला."

हो, झाला. खरा मुद्दा इथेच सुरू होतो.

गुरगुरणं ही कुत्र्याची भाषा आहे. 'मला भीती वाटतेय, जरा लांब हो' हे सांगायला त्याच्याकडे शब्द नाहीत. आधी तो मान वळवतो, ओठ चाटतो, जांभई देतो, अंग ताठ करतो. ते कुणी वाचत नाही. मग गुरगुरतो. त्यानेही भागलं नाही तर शेवटी दात. आता गुरगुरल्याबद्दल तुम्ही त्याला दर वेळी चितपट केलंत, तर तो काय शिकेल? भीती कमी झाली का? उलट वाढली, कारण त्यात तुम्हीही सामील झालात. कमी झालं ते फक्त गुरगुरणं. मधली पायरी तुम्ही आपल्या हातांनी काढून टाकलीत.

आमच्या धंद्यातलं उदाहरण देतो. सर्व्हरची डिस्क भरत आली की रात्री अलर्टचे मेल येतात. एखादा हुशार माणूस वैतागून मेलला फिल्टर लावतो. इनबॉक्स कसा स्वच्छ! मॅनेजर खूश. मग एका रविवारी सर्व्हर झोपतो आणि हाच माणूस कॉलवर सांगतो, "काहीच वॉर्निंग आली नव्हती हो." कुत्रा चावल्यावर मालक शब्दशः हेच वाक्य बोलतो. "कधी साधं गुरगुरलासुद्धा नव्हता!" अहो, गुरगुरणार कसा? त्याचेच तर पैसे दिलेत तुम्ही!

आमच्या जवळच्याच एका बिल्डिंगमध्ये अगदी हेच झालं. तिसऱ्या मजल्यावरचा लॅब्रॅडॉर, दीड वर्षाचा. लिफ्टला घाबरायचा. लिफ्टमध्ये कुणी शिरलं की कोपऱ्यात सरकून गुरगुरायचा. ट्रेनर आला. (नाव सांगत नाही, प्रश्न एकट्याचा नाहीच.) त्याने लिफ्टमध्येच त्याला दोन-तीनदा उताणा पाडला. महिन्याभरात कुत्रा पुतळ्यासारखा उभा राहायला लागला. कान मागे, शेपूट पायात, नजर जमिनीकडे. सगळ्यांनी कौतुक केलं, "बघा, कसा शहाणा झाला!" पुढे दिवाळीच्या आठवड्यात बाहेर फटाका वाजला, त्याच वेळी लिफ्टचं दार उघडून कचरा नेणारे काका आत आले, आणि त्याने आवाज न करता त्यांच्या पोटरीचा लचका काढला. काकांना इंजेक्शनं आणि बुडालेले खाडे. कुत्र्याला कुठल्याशा फार्महाऊसवर 'सोडून' दिलं. कुठल्या, ते कुणीच नीट सांगत नाही. ट्रेनरला काहीच झालं नाही. पुढच्या रविवारी तो शेजारच्या विंगमध्ये होता.

एका उदाहरणावरून निष्कर्ष काढू नये, हे मान्य. म्हणून आकडे. 2009 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी वागणुकीच्या तक्रारी घेऊन आलेल्या 140 कुत्र्यांच्या मालकांना विचारलं, की आजवर काय काय उपाय केलेत आणि त्यावर कुत्रा काय करायचा. लाथ किंवा फटका मारणाऱ्यांपैकी 43 टक्के लोक म्हणाले की कुत्रा उलट अंगावर आला. उताणं पाडणाऱ्यांत 31 टक्के, आणि नुसतं रोखून बघणाऱ्यांत 30 टक्के. खाऊ देऊन शिकवण्याच्या पद्धतींत असं क्वचितच झालं. हे मुळात बिघडलेलेच कुत्रे होते, सगळ्या कुत्र्यांना हे आकडे लागू होणार नाहीत, हे खरं. पण अल्फावाला ट्रेनर आपण नेमका कुठल्या कुत्र्यासाठी बोलावतो? बिघडलेल्याच ना!

2020 साली पोर्तुगालमध्ये डॉग स्कूलमधल्या 92 कुत्र्यांवर अभ्यास झाला. धाकाने शिकवणाऱ्या शाळांतल्या कुत्र्यांच्या लाळेत प्रशिक्षणानंतर कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, जास्त वाढलेलं होतं. मग एक मजेशीर चाचणी घेतली. एका बाजूच्या वाटीत नेहमी खाऊ, दुसऱ्या बाजूच्या वाटीत कधीच नाही, एवढं कुत्र्यांना शिकवलं. नंतर वाटी ठेवली मध्येच. खाऊ असेल की नसेल? सर्वांत जास्त धाकातले कुत्रे त्या वाटीकडे रेंगाळत गेले. 'आपल्या नशिबात काय असणार' असं धरूनच. शाळेच्या बाहेर, निवांत असतानासुद्धा.

हे वाचताना तुम्हाला तुमची जुनी कंपनी किंवा गणिताचे सर आठवले असतील, तर तो योगायोग नाही.

आता दुसऱ्या बाजूकडे. बक्षिसाची पद्धत म्हणजे लाडावून ठेवणं, हा मोठा गैरसमज आहे. स्किनरचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलँड यांनी 1940 च्या दशकात या तत्त्वावर प्राणी शिकवायचा धंदाच काढला, आणि कोंबड्यांकडूनसुद्धा कामं करून घेतली. पुढे कॅरन प्रायर हवाईमध्ये डॉल्फिनना शिकवायची. जरा विचार करा, डॉल्फिनला चोक चेन कुठे लावणार? धाक दाखवलात तर तो पोहत टाकीच्या दुसऱ्या टोकाला जाईल. संपला अल्फा. तिथे एकच मार्ग उरतो. हवं ते वागणं दिसलं रे दिसलं की त्याच क्षणी खूण करायची आणि मासा द्यायचा. प्रायरबाईंनी 1984 साली पुस्तक लिहून हीच गोष्ट कुत्रेवाल्यांपर्यंत पोचवली.

आणि लांब कशाला जायचं? आपल्या मुंबई पोलिसांचा झंजीर आठवा. पुण्याला सीआयडीच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात शिकलेला लॅब्रॅडॉर. 1993 च्या बॉम्बस्फोटांच्या वेळच्या शोधात 3,329 किलो आरडीएक्स त्याच्या नावावर जमा आहे. नोव्हेंबर 2000 मध्ये तो गेला तेव्हा पोलिसांनी मानवंदना देऊन निरोप दिला. त्याला रोज कसं वागवलं जायचं हे मला ठाऊक नाही, आणि जुन्या काळी कवायतीत साखळीचे झटकेही सगळीकडे असायचे. पण वास शोधण्याचं काम जगभर एकाच पायावर उभं असतं. ठरावीक वास सापडला की चेंडू, खेळ किंवा खाऊ. कारण नाक कुत्र्याचं आहे. दटावून त्याला खाली बसवता येईल, पण दटावून हुंगायला कसं लावणार? ते काम त्याला स्वतःला करावंसंच वाटायला हवं.

"पण ही लाच झाली ना?" हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळतो. विचारणारा माणूस सकाळी कात्रपहून शेअर रिक्षा, मग ठाण्यापर्यंत एका पायावर लोकल, मग ट्रान्स-हार्बरने ऐरोली असा रोज जातो. फुकट जातो का? काम आधी, मोबदला नंतर, याला आपण पगार म्हणतो. मोबदला आधी दाखवून काम करून घेणं, ती लाच. बिस्किट हातात नाचवत "ये ना रे, ये ना" करणारे लाचच देतायत आणि त्यांना यशही तसंच मिळतं. तो तंत्राचा दोष नाही, टायमिंगचा आहे.

त्या लॅब्रॅडॉरचं काय करता आलं असतं? लिफ्टपासून तो शांत राहील एवढ्या अंतरावर उभं राहायचं. दार उघडल्याचा आवाज आला की उकडलेल्या चिकनचा एक बारीक तुकडा. दार बंद, चिकन बंद. चार दिवसांनी दोन पावलं पुढे. मग रिकाम्या लिफ्टमध्ये एक मजला. मग ओळखीचा एक माणूस आत. मधे गुरगुरला तर आभार माना आणि एक पायरी मागे या, कारण तुम्ही घाई केलीत एवढंच त्याने सांगितलंय. रोज दहा मिनिटं, दीड-दोन महिने. तोवर जिना आहेच. तिसराच तर मजला!

समोरच्या बाजूचे दोन मुद्दे मात्र खरे आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. एक, कुत्र्यांमध्ये आपापसात वरचढपणा असतो. मटणाच्या दुकानाबाहेर उभं राहा, दिसेल. पण कुणाला हाड आधी मिळतं यावरून माणसाने कुत्र्याची मान दाबावी असं कुठे सिद्ध होतं? दोन, शिक्षेने वागणं थांबतं, कधीकधी झटपट थांबतं. 2024 मध्ये अमेरिकेत 19 कुत्र्यांवर एक छोटा प्रयोग झाला. पळणाऱ्या आमिषाचा पाठलाग सोडायला शॉक कॉलरवाले कुत्रे शिकले, खाऊवाले तेवढ्या दिवसांत शिकले नाहीत. ज्याचा कुत्रा हायवेवर बकऱ्यांमागे धावतो त्याने त्यावर जरूर वाद घालावा. आपल्या बिल्डिंगमधल्या तक्रारी कसल्या असतात? लिफ्ट, पाहुणे, फटाके, दिवसभर एकटं राहणं. सगळी भीती आणि कंटाळा. भित्र्याला आणखी घाबरवून भीती जात नाही. अमेरिकेतल्या पशुवर्तन तज्ज्ञांच्या संघटनेने 2008 मध्येच वर्चस्वाच्या नावाखालच्या शिक्षांविरुद्ध निवेदन काढलं होतं. 2021 मध्ये त्यांनी आणखी स्पष्ट सांगितलं की चावऱ्या कुत्र्यांसकट सगळ्यांसाठी बक्षिसाचीच पद्धत वापरावी.

मग एवढं सगळं असूनही अल्फा विकला का जातो?

माझ्या मते दोन कारणं. पहिलं, वेळ. सातला घर सोडून रात्री नऊला परतणाऱ्या माणसाला दीड-दोन महिने नकोत, तीन रविवार हवेत. आणि धाकाचा परिणाम मालकाला लगेच दिसतो, भीतीचा हिशोब मागाहून येतो. तोही बऱ्याचदा कचरा नेणाऱ्या काकांच्या नावावर.

दुसरं कारण जरा झोंबणारं आहे. 'धाक हवाच' हे आपल्या हाडीमाशी खिळलंय. घरी बाबांचा धाक, शाळेत छडीचा, ऑफिसात अप्रेझलचा. शाळेतल्या मारावर 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने बंदी आणली, तरी "आम्ही मार खाऊनच घडलो" म्हणणारे कमी झाले नाहीत. दिवसभर सगळीकडे मान खाली घालून आलेल्या माणसाला घरी आल्यावर कुणीतरी एक जण आपल्याला घाबरणारा मिळाला, तर ते त्याला गोड लागतं. ट्रेनर शिस्त विकत नाही, हे गोड लागणं विकतो.

एक आपल्या देशातला अभ्यास सांगतो. कोलकात्याच्या आयसरमध्ये अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतात. 2017 मध्ये त्यांनी दाखवलं की अनोळखी माणूस पुन्हा पुन्हा भेटत राहिला, तर अंगावरून हात फिरवणाऱ्यावर या कुत्र्यांचा विश्वास नुसतं खायला देणाऱ्यापेक्षा जास्त बसतो. म्हणजे बक्षीस म्हणजे चिकनच असंही नाही. ज्यांना कुणी मालक नाही, ज्यांनी दगडच जास्त खाल्लेत, त्यांनाही हेच हवंय. तुमच्या सोफ्याखालच्याला वेगळं काय हवं असणार?

आणि वेळ बघा कुठली आहे. ऑगस्ट 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने आधी दिल्लीतले भटके कुत्रे उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं, मग अकरा दिवसांत तो आदेश सौम्य केला. तेव्हापासून सोसायट्यांच्या ग्रुपवर कुत्रेवाले आणि कुत्राविरोधी असे दोन पक्ष पडलेत. अशा हवेत एक पाळीव कुत्रा चावला की त्याची किंमत गल्लीतले सगळे कुत्रे मोजतात. आणि जो चावला जातो तो बहुधा बिचारा वॉचमन, डिलिव्हरीवाला किंवा कामवाल्या मावशी असतो. ज्यांनी ट्रेनर बोलावला ते नव्हे.

तेव्हा एवढंच करा. पुढच्या वेळी ट्रेनर ठेवण्याआधी त्याला एकच प्रश्न विचारा: "तो चुकला तर तुम्ही काय करता?" उत्तरात साखळी, झटका, उताणा किंवा अल्फा यातला एक जरी शब्द आला, तर चहा पाजा आणि वाटेला लावा. आणि तो मारहाण करताना दिसला तर मधे पडा, कायद्याच्या भरवशावर राहू नका. प्राण्यांना मारण्याच्या पहिल्या गुन्ह्यासाठी 1960 च्या कायद्याने ठरवलेला दंड 10 ते 50 रुपये आहे. दोन वडापावांच्या किमतीत कुणाला अद्दल घडत नाही.

गुरगुरणारा कुत्रा तुमच्याशी बोलतोय. त्याला बोलू द्या. गप्प झालेल्या कुत्र्याला घाबरा.